टिंबांच्या गर्दीत एक टिंब

माझ्या मुलीने फाँट केला तेव्हा मला आनंदच झाला होता, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून वाटायचं, ही बाई पोटच्या पोरीचं कौतुक न सोसणारी आहे.

वाइवा राजधानीत, व्हिल्नियसला असते. अक्षरं काढणं हेच तिचं काम. तिचा बाप झेनोनास नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात आहे, त्याला हे काम अजून समजलेलं नाही. मला समजतं, कारण माझंही पोट अक्षरांवरच आहे. इथे प्लुंगेत घराला लागूनच माझं पाट्यांचं दुकान आहे. गाड्यांवरची नावं, दुकानांच्या काचा, दातांच्या डॉक्टरांच्या वेळा, सगळं मी करते. चिकट व्हिनाइलचा रोल मशीनमध्ये घालायचा, मशीन अक्षरं कापतं, आपण ती नेऊन काचेवर डकवायची.

तर वाइवाने केलेला फाँट सगळा टिंबांचा होता. एकही रेघ नाही. अक्षराच्या कण्यात टिंबं जाड, टोकांकडे बारीक होत गेलेली. टेबलावर खसखस सांडावी आणि कुणी रिकामटेकड्या माणसाने बोटाने सारत सारत अक्षरं करावीत, तसं. नावही तिने तेच ठेवलं, आगुओना. खसखस. बाहेरच्या एका कंपनीने तो विकायला घेतला. तिने मला त्याचं मोठं पोस्टर पाठवलं, ते मी दुकानात मशीनच्या वर लावलं आणि येईल त्याला दाखवत सुटले.

तिथेच एल्व्हीराने ते पाहिलं.

एल्व्हीरा माझी शाळेतली मैत्रीण. मैत्रीण म्हणजे, गणिताच्या पेपरला माझ्या मागे बसायची ती. गेल्या शरदात तिने बाजाराजवळ बेकरी काढायची ठरवली आणि पाटी सांगायला आली.

"हे गं काय?" पोस्टरला नाक लावून तिने विचारलं.

"वाइवाचं. खसखस."

"अगंबाई! आणि माझा तो गोड पावाचा रोल कशाचा?"

"खसखशीचा," मी म्हणाले.

"मग ठरलं! माझ्या काचेवर हीच अक्षरं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक काच चाटतील, डांगुओले!"

"एल्व्हीरा, ऐक. यातलं एकेक टिंब सुटं असतं."

"मग? मशीन कापतं ना?"

मशीन कापतं. लोकांना एवढंच माहीत असतं. कापल्यावर आजूबाजूचं नको असलेलं व्हिनाइल सोलून काढावं लागतं. साधं अक्षर असलं तर एका हाताने ओढलं की झालं, अक्षर खाली कागदावर राहतं. टिंबांचं तसं नाही. वरचं व्हिनाइल ओढायला लागलं की कोंबडीमागे पिल्लं निघावीत तशी टिंबं त्याच्यामागे निघतात. मग एका हाताने ओढायचं, दुसऱ्या हातातल्या सुईने एकेक टिंब दाबून धरायचं. मान मोडते. डोळे मिटल्यावरही पुढे टिंबंच. बरं, वरून दुसरा चिकट कागद लावून उचलावं आणि काचेवर चिकटवावं तर त्यातली निम्मी काचेवर उतरतात, निम्मी वरच्या कागदालाच प्रेमाने धरून बसतात. एल्व्हीराच्या त्या एका शब्दासाठी, केपिक्लेले, म्हणजे छोटीशी बेकरी, मी आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही.

पण लागल्यावर दिसलं मात्र सुंदर, खोटं का बोलू. बेकरीच्या पिवळ्या दिव्यासमोर काळी टिंबं. मी फोटो काढून वाइवाला पाठवला. तिने तीन हृदयं पाठवली.

बेकरी उघडली त्या दिवशी रांग लागली होती. रांगेत काझिमिएरा बाई होत्या. यांनी प्लुंगेतल्या निम्म्या लोकांना लिथुआनियन शिकवलं, मला आणि एल्व्हीरालाही. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून रस्त्यात कुणाचं व्याकरण चुकलं तर थांबवतात. बाई काचेसमोर आल्या, चष्मा पुसला, आणि मोठ्याने वाचलं,

"केपिक्लॅलॅ."

रांगेत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

आमच्याकडे रोमन E या अक्षरावर टिंब असलं तर 'ए', नसलं तर तोंड वासून 'ॲ'. केपिक्लेलेत शेवटी शेवटी अशी दोन अक्षरं आहेत, दोन्हींच्या डोक्यावर टिंब पाहिजे. टिंब काढलं की शेळी ओरडल्यासारखं होतं.

एल्व्हीरा ट्रे घेऊन धावत बाहेर आली. "टिंबं आहेत बाई! नीट बघा ना!"

"कुठे आहेत?"

"ही काय, वर!"

"मला तर सगळीच टिंबं दिसतात," बाई म्हणाल्या. "यातलं अक्षरावरचं कुठलं आणि अक्षरातलं कुठलं, ते तू रोज दाराशी उभी राहून दाखवणार का?"

मी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले आणि तिथून पाहिलं. बाईंचं खरं होतं. अक्षराचा वरचा दांडा टिंबांचा, आणि त्याच्या लगेच वर तेवढंच आणखी एक टिंब. दांड्यातलंच एक जरा उडालेलं वाटत होतं.

संध्याकाळी मी वाइवाला फोन केला.

"आई, तो फाँट मोठ्या आकारात बघायचा असतो."

"काचेएवढा मोठा लावलाय. आता काच वाढवू?"

"लोक जवळून बघतात ना बेकरी."

"जवळून बघतात ते आत गेलेले असतात. पाटी लांबच्यासाठी असते, बाळा. टिंब जरा वर घे."

तिने सुस्कारा टाकला. मला तो सुस्कारा ओळखीचा आहे, सातवीपासून. दुसऱ्या दिवशी नवी फाइल आली. मी पुन्हा कापलं, पुन्हा सुई, पुन्हा मान. जुनी दोन अक्षरं खरवडून नवी लावली. टिंब वर गेलं होतं, पण केसभर. समोरच्या फुटपाथवरून काही फरक नाही.

"आणखी वर घे," मी फोनवर म्हणाले.

"आणखी वर घेतलं तर ते वरच्या ओळीला लागतं."

"वरती ओळच नाहीये! एकच शब्द आहे!"

"फाँट एका शब्दासाठी नसतो, आई."

"मग टिंब मोठं कर."

"टिंबांचे तीनच आकार आहेत. सगळी रचना त्याच्यावर उभी आहे. चौथा आकार आणला तर सगळं कोसळतं."

"कोसळू दे! उद्या सकाळी एल्व्हीरा माझ्यावर कोसळणार आहे, तिला काय सांगू? तीन आकार?"

तिने फोन ठेवला. आम्ही झेमाइती माणसं. बाकीचे लिथुआनियन लोक आमच्या हट्टाचे विनोद सांगतात, आणि आम्ही ते हसून ऐकतो कारण ते खरे आहेत. पण दोन झेमाइती एकाच घरातल्या असल्या म्हणजे विनोद राहत नाही.

दोन दिवसांनी मी बेकरीवरून गेले तर दोन्ही अक्षरांच्या डोक्यावर लाल गोळे. एल्व्हीराने सवलतीच्या मालाला लावायचे लाल स्टिकर आणून स्वतःच चिकटवले होते.

"आता दिसतंय की नाही?" ती दारातून ओरडली. "बाईंनीसुद्धा बरोबर वाचलं!"

"एल्व्हीरा, गोवर आल्यासारखं दिसतंय."

"दिसू दे! गोवर आला तरी नाव कळतं ना!"

पुढे वेगळंच दुखणं निघालं. रांगेत उभ्या माणसाला टिंब दिसलं की त्याला नख लावावंसं वाटतंच. मुलं करतील हे मी धरून चालले होते, पण मी बँकेतल्या माणसाला पाहिलं, टाय लावलेला, फोनवर बोलता बोलता 'के'चा पाय सोलत होता. आठवडाभरात एका अक्षराचं पोट गेलं, दुसऱ्याचा हात. त्यात ऑक्टोबरची थंडी. गार काचेला गोंद नीट धरत नाही, टिंबं आपोआप गळायला लागली. रोज सकाळी दुकान उघडायच्या आत एल्व्हीराचा फोन.

"डांगुओले, आज चार गेली."

आणि एकदा ती स्वतःच आली, तळहातावर एक काळं टिंब घेऊन.

"हे काय आहे?"

"माझं टिंब."

"कुठे सापडलं विचार. गिऱ्हाइकाच्या रोलच्या बुडाला! ती बाई म्हणते, खसखस एवढी मोठी कशी?"

मी हसले. हसायला नको होतं. एल्व्हीराचा चेहरा लाल झाला आणि ती म्हणाली, "मला साधी अक्षरं लावून दे. सरळ, जाड, म्हातारीला वाचता येतील अशी. तुझी लेक हुशार आहे, मान्य आहे. पण मी पाव विकते."

मी हो म्हणाले. पण कबरींवर मेणबत्त्या लावायचा आत्म्यांचा दिवस जवळ आला होता, वाइवा घरी येणार होती. मला वाटलं, तिने एकदा आपली अक्षरं काचेवर बघावीत, मग काढू. म्हणून मी काम लांबवलं.

ती दुपारच्या गाडीने आली. स्टेशनातून बाहेर पडता पडताच म्हणाली, "आधी बेकरी बघू या."

"आधी जेव. आंबट सायीचं कास्टिनीस घुसळून ठेवलंय, बटाटे गार होतील."

जेवली. मग शेवंतीच्या कुंड्या आणि मेणबत्त्या घेऊन आम्ही स्मशानात गेलो. सासूबाईंची कबर, माझ्या आईची कबर. तिने पानं झाडली, मी मेणबत्त्या लावल्या, वाऱ्याने दोनदा विझल्या. तिथे आम्ही बरं बोललो. कामाचं, तिच्या भाड्याच्या खोलीचं, बापाच्या पाठदुखीचं. परतीचा रस्ता मात्र बाजारातूनच जातो. दुसरा रस्ता मी सुचवून पाहिला, तिने ऐकलं नाही.

काच दिसली आणि ती थांबली. मी तिच्याकडे पाहिलंच नाही, काचेकडेच पाहत राहिले. मधेमधे दात पडल्यासारखी अक्षरं, आणि डोक्यावर दोन लाल गोळे.

"हे कुणी केलं?"

"कोणतं? लाल एल्व्हीराने. बाकीचं प्लुंगेकरांनी."

"आणि तू करू दिलंस? माझ्या अक्षरांवर किमतीची लेबलं?"

"तुझ्या अक्षरांवर टिंब दिसत नव्हतं म्हणून! मी तुला दोनदा सांगितलं. दोनदा!"

एल्व्हीराने आम्हाला पाहिलं असावं, ती एप्रनला हात पुसत बाहेर आली. "आलीस का गं वाइवा! राग मानू नकोस हं, पण तुझ्या त्या ए-ने माझी फार शोभा झाली."

"तो ए मी काढलेलाच नाही!" वाइवा म्हणाली.

एल्व्हीरा माझ्याकडे बघायला लागली. मी वाइवाकडे.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे, कंपनीला मूळ अक्षरं हवी होती. त्यांच्यावर मी वर्ष घालवलं. बाकीच्या भाषांची टिंबं, टोप्या, शेपट्या, ते सगळं शेवटी प्रोग्राम लावतो. तारीख आली होती. सगळे तसंच करतात, आई. एक बटण दाबायचं, तीनशे अक्षरं तयार होतात."

"आणि त्यात आपलं पण?"

"आपलं पण."

"पोलंडचं, फ्रान्सचं, आणि आपलं. एका बटणात."

"हो! काय बिघडलं? तीस लाख माणसं नाहीत आपण, कोण वापरणार होतं लिथुआनियनमध्ये? मला काय माहीत तू सगळ्यात पहिली गिऱ्हाईक असशील!"

महिनाभर मी तिच्या रचनेसाठी मान मोडून घेतली होती. एल्व्हीराला सांगितलं होतं, तीन आकार आहेत, विचार करून केलेलं आहे, तू हात लावू नकोस. आणि त्या अक्षरावर कुणी क्षणभरसुद्धा नजर टाकली नव्हती.

"तुझ्या आईचं नाव कशाने संपतं?" मी विचारलं.

"आई, आता हे नको."

"आजीचं? आत्ता जिच्या कबरीवर मेणबत्ती लावलीस तिचं? या देशात एका तरी बाईचं आडनाव त्या अक्षराशिवाय संपतं का?"

"आई, लोक बघतायत."

"बघू दे. त्यांना दिसतं तरी."

मी तिला तिथेच सोडून घरी आले. ती अंधार पडल्यावर आली. बटाटे होते ते तिने स्वतः गरम करून घेतले. दोघींनी टीव्हीवरच्या बातम्या शेवटपर्यंत पाहिल्या. बातम्यांत काय होतं, विचारू नका.

सकाळी मी ब्लेड, स्पिरिट आणि चिंध्या घेऊन बेकरीवर गेले. खरवडणं लावण्याहून वाईट. साधं अक्षर कोपऱ्यात उचकटलं की साल निघावी तसं निघतं. इथे प्रत्येक टिंबाला वेगळं ब्लेड. निम्मी काचेवर नुसता गोंद सोडून जातात. मी पहिल्याच अक्षरावर होते तेव्हा मागून आवाज आला.

"गरम केल्याशिवाय निघणार नाहीत ती."

वाइवा केस वाळवायचं मशीन घेऊन उभी होती. एल्व्हीराकडून वायर मागून तिने ते जोडलं. ती हवा मारत गेली, मी मागून ब्लेड चालवत गेले.

"खूप वेळ लागला असेल लावायला," ती म्हणाली.

"आठवडा. पहिल्यांदा."

"मला वाटलं, तू नुसतं मशीनमधून काढतेस."

"सगळ्यांनाच वाटतं."

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "मला बटणाचं खरंच काही वाटलं नव्हतं, आई. अजूनही वाटत नाही. तू ओरडलीस त्याचं वाटलं."

मला राग आला, पण निदान खोटं तरी बोलली नाही. "तिकडे धर," मी म्हणाले. "लाल निघत नाहीये."

साधी अक्षरं मी आधीच कापून आणली होती. जाड, सरळ, टिंबं ठसठशीत. लावायला वेळच लागला नाही. एल्व्हीराने बाहेर येऊन पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. मग काझिमिएरा बाई आल्या, रोजच्या वेळेला. चष्मा न पुसताच वाचलं, "केपिक्लेले," आणि आत गेल्या. दारातून वळून म्हणाल्या, "आता ठीक. पण ती आधीची दिसायला बरी होती."

वाइवा हातातल्या वायरची गुंडाळी करत होती. करता करता थांबली.

तिची गाडी दुपारची होती. घरी आल्यावर बॅग भरायची सोडून ती माझ्या दुकानात शिरली, काळ्या कागदाची टिंबं कापून आणली आणि अंगणातल्या लाकडांच्या खोलीच्या पांढऱ्या दारावर डकवायला लागली. एकच अक्षर. मी स्वयंपाकघरातून बघत होते. शेवटी तिने हाक मारली.

"आई, कुंपणापाशी जाऊन उभी राहा."

मी चपला घालून कुंपणापाशी गेले.

"दिसतंय टिंब?"

"नाही."

तिने टिंब वर सरकवलं. "आता?"

"दिसतंय, पण पाखरू बसलंय असं वाटतं. त्याचं या अक्षराशी काही नातं नाही."

तिने ते काढून मोठं लावलं. मोठं फार झालं. दोन लहान लावून पाहिली. मग वरच्या दांड्यातलं मधलं टिंब काढून मोकळी जागा ठेवली आणि वरचं जरा खाली, त्या जागेच्या जवळ आणलं. ते पुष्कळ बरं दिसलं.

"हे!" मी ओरडले.

"कुठे हे? अक्षराचा दांडाच तुटला! याला कुणी 'ए' म्हणेल का?"

"मी म्हणेन!"

"तुला माहीत आहे म्हणून म्हणशील! तू ते बघून बघून पाठ केलंयस!"

"मग मला कशाला उभं केलंस इथे गारठ्यात?"

दारापाशी उकिडवं बसून ती खाली पडलेली टिंबं गोळा करत होती, आणि वाऱ्याने ती गवतात पसरत होती. गाडीची वेळ झाली, गेली. संध्याकाळच्या गाडीने जाईन म्हणाली. संध्याकाळपर्यंत दारावर अक्षराचे सात-आठ अवतार झाले, त्यातला एकही आम्हा दोघींना पटला नाही. मला पटेल तो तिला नाही, तिला पटेल तो कुंपणापासून वाचता येत नाही. शेवटी उजेडच गेला. स्टेशनवर सोडायला गेले तर ती फलाटावरही फोनवर टिंबं सरकवत होती. मिठी मारली, तीही एका हाताने.

शेवटचा अवतार तिने दारावर तसाच ठेवायला सांगितलाय. काढू नकोस, रोज कुंपणापासून बघ, नजर सरावून टिंब दिसायला लागलं की सांग. तिथून लाकडं काढताना मला दार हळूच उघडावं लागतं. दर एक-दोन दिवसांनी तिचा फोन येतो. हालहवाल नाही, काही नाही.

"आज दिसतंय?"

"आज धुकं आहे, वाइवा. आज दारच दिसत नाही."

"बरं," ती म्हणते, वैतागून, जसं काही धुकं मीच पाडलंय. "उद्या बघ."